हत्ती की शेवाळ?

आधी हत्ती वाचवायचा की शेवाळ, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी शेवाळाचा विषय काढला की माणसं चहा अर्धा टाकून उठतात. प्रश्न ठरलेलाच असतो: "गुरुजी, तिकडे दोडामार्गात हत्तीचा प्रश्न सुटेना आणि तुम्ही शेवाळ काय घेऊन बसलात?"

हत्ती 2002 मध्ये कर्नाटकातून आपल्या सिंधुदुर्गात उतरला. दिवसाला दीडेकशे किलो चारा लागणारं जनावर ते. माड, केळी, भात, काही सोडत नाही. शेतकऱ्याचा जीव जातो, हे मला कळतं. पण हत्तीचं असणं-नसणं निदान दिसतं तरी. माड पडला की पंचनामा होतो, पेपरात फोटो येतो.

इंग्लंडात डर्बीशरला थॅम्नोब्रायम अँगुस्टिफोलियम नावाचं शेवाळ आहे. जगात दुसरीकडे कुठेच नाही. चुनखडीच्या एकाच दरीत, झऱ्याने भिजणाऱ्या कातळावर. दोन खाटा टाकल्या तर जवळजवळ अख्खी जात झाकली जाईल! झरा गढूळला की कारभार आटोपला.

शेवाळाचं सगळं पाण्यावर. खरी मुळं नाहीत, बी नाही. नरपेशी मादीपर्यंत पोहत जाते, त्यासाठी पाण्याचा पापुद्रा तरी हवाच. मे महिन्यात मी मुलांना गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ नेई. शेवाळ काळं, कुरकुरीत, मेल्यासारखं. त्यावर पेलाभर पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. काही मिनिटांत ते हिरवं व्हायचं, आणि वर्गात जांभया देणारी पोरं "परत, परत" म्हणायची.

पैसा हत्तीसाठी मागा, माझी तक्रार नाही. हत्तीचं जंगल राखलं तर तिथल्या खोडांवरचं शेवाळ फुकटात राहतं. पण आपला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळपठार, हत्तीच्या वाटेवर येत नाही. चिरेखाण सुरू करताना आधी वरचा थर खरवडतात. शेवाळ असतं ते त्याच थरावर, आणि त्याचा पंचनामा होत नाही.

यावर आमच्या घरातून लगेच येतं, "मग अंगणातलं खराट्याने कोण घासतं?" मीच घासतो. आई एकदा विहिरीच्या पायरीवरून घसरली, तेव्हापासून. शेवाळाची ती जात साधी, कुठेही उगवणारी. आषाढात पुन्हा हजर असते, आणि मी पुन्हा खराटा शोधतो.