डेन्व्हरमधला अल्बम आणि महालातला बँड

न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन इंडी रॉक बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम, ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’, फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. मी तो बऱ्याच उशिरा ऐकला आणि ऐकताना ओळखीची वाटली ती त्यातली पितळी वाद्ये. आमचे जुने घर नागपूरला महाल या जुन्या वस्तीत आहे. लग्नसराईत खिडकीखालून वरात गेली नाही अशी संध्याकाळ क्वचितच जात असे. ट्रम्पेटवाला सुराच्या किंचित वर, युफोनियमवाला तालाच्या किंचित मागे, आणि तरीही सगळे मिळून असे काही वाजत असे की हातातले काम टाकून खिडकीशी जावे लागे.

आबाजी गेले तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्या माणसाला वाजतगाजत न्यावे, असे घरातल्या मोठ्यांनी ठरवले आणि नेहमीचेच बँडवाले आले. गणवेश तोच होता, युफोनियमच्या कर्ण्याला पडलेला पोचाही तोच होता; फक्त चाल संथ होती आणि वरातीत नाचवणारे ट्रम्पेट त्या सकाळी अभंग वाजवत होते. एकाच वाद्यात दोन्ही कसे मावते, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

या अल्बममधले ‘द फूल’ ऐकताना ती सकाळ परत आली. शब्द नसलेली, दोन मिनिटांहूनही छोटी ही रचना बँडमधल्या स्कॉट स्पिलेनची आहे. आधीचे ‘टू-हेडेड बॉय’ हे गाणे केवळ गिटार आणि आवाजावर चाललेले असते, आणि ते संपते न संपते तोच ड्रमच्या संथ ठेक्यावर पितळी वाद्यांची मिरवणूक सुरू होते. ती शोकयात्राही वाटते आणि जत्राही. पहिला अल्बम ‘ऑन एव्हरी आयलंड’ (१९९६) मुख्यतः बँडचा गायक-गीतकार जेफ मँगम आणि निर्माता रॉबर्ट श्नायडर या दोघांनीच उभा केला होता. स्पिलेन, ज्युलियन कोस्टर आणि जेरेमी बार्न्स त्यानंतर आले, आणि १९९७ च्या उन्हाळ्यात श्नायडरच्या डेन्व्हरमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले तेव्हा मँगमच्या गाण्यांना पहिल्यांदा बँड मिळाला. दोन्ही अल्बममधला खरा फरक मला हाच वाटतो.

अल्बमच्या मुळाशी नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, ॲन फ्रँकची, डायरी आहे. मँगमने ती वाचली आणि त्या मुलीचे मरण त्याला इतके लागले की अनेक गाण्यांत ती येत राहिली. मराठीत डायरी वाचलेल्यांना ही जखम वेगळी सांगायला नको. ॲन आणि तिची बहीण मार्गो १९४५ च्या सुरुवातीला नाझींच्या बर्गन-बेल्सन छावणीत मरण पावल्या; ती छावणी १५ एप्रिलला मुक्त झाली, म्हणजे अवघ्या काही आठवड्यांनी. ‘हॉलंड, १९४५’ हे गाणे त्या काही आठवड्यांबद्दल आहे, आणि ते अल्बममधले सर्वांत धावते, सर्वांत दणदणीत गाणे आहे. लय वरातीची, विषय मरणाचा. याच विषयावर कोणी संथ, हुंदके देणारे गाणे केले असते तर ते मी एकदा ऐकून बाजूला ठेवले असते. हे मात्र ठेवता येत नाही.

आवाजाच्या फाटलेपणाविषयीही लिहायला हवे, कारण अनेकजण तिथेच अडतात. अकूस्टिक गिटार माइकवर घेऊन प्रीॲम्प, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारे यंत्र, इतका चढवलेला आहे की तारांचा नाद करकरतो, आणि मँगमचा आवाज वरच्या पट्टीत ताणला की तो तुटेल अशी भीती वाटते. मला यात अजिबात दोष दिसत नाही. लग्नाच्या बँडपुढे हातगाडीवर चालणारा जुना कर्णा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ठाऊक असते की आवाज फाटतो तिथेच तो काळजात जातो. याच्या अगदी उलट कोस्टरची करवत. सुताराची असते तशी करवत गुडघ्यांत धरून, पाते वाकवून तिच्यावर व्हायोलिनचा गज फिरवला की बाईने दूरवर गुणगुणावे तसा सूर निघतो; शीर्षकगीतात तो सूर सतत मागे तरंगत असतो.

‘ओ कमली’ आठ मिनिटांपेक्षा मोठे आहे, आणि त्यातले गिटार व गायन एका दमात मुद्रित झाले. शेवटी स्टुडिओतला कोणीतरी थक्क होऊन ओरडतो आणि तो ओरडा तसाच ठेवलेला आहे. मँगम पुढे अनेक वर्षे मागे सरला, तिसरा अल्बम झालाच नाही. या मौनाभोवती बरीच दंतकथा रचली गेली आहे, पण मला तिच्यापेक्षा हा एक ओरडा अधिक सांगतो.

मी हा अल्बम बहुधा मे महिन्यात ऐकतो. पारा ४५ अंशांवर गेलेला असतो, वाळ्याच्या ताट्या भिजवलेल्या असतात आणि कूलरची घरघर गाण्याच्या करकरीत मिसळून जाते. शेवटचे गाणे आले की मात्र उठून कूलर बंद करावा लागतो. मँगम गातो, थांबतो, गिटार खाली ठेवतो आणि चालत निघून जातो. ती पावले अगदी हलकी आहेत. कूलर चालू असला तर ऐकू येत नाहीत.