नकाशावरचा एक ठिपका
(माजी विद्यार्थी, दहावी 1989)

आठवीला भूगोलाच्या बाई आशियाचा नकाशा भरून घ्यायच्या. राजधानीला लाल ठिपका, शेजारी नाव. लेबनॉन एवढासा, त्यात ‘बैरुत’ मावेना, म्हणून मी नाव समुद्रात लिहिलं आणि अर्धा गुण घालवला. त्यावरून बाईंशी घातलेली हुज्जत माझ्या बॅचला आठवत असेल.

हा किस्सा मी दुबईत ऑफिसातल्या एका मैत्रिणीला सांगितला. ती बैरुतची, माझ्याच वयाची. म्हणाली, “एकच ठिपका? आमच्या वेळी दोन लागले असते.”

13 एप्रिल 1975 ला तिथे यादवी पेटली, तेव्हा ती दीड वर्षाची. पूर्वेला बहुतेक ख्रिस्ती, पश्चिमेला बहुतेक मुसलमान. बोलताना ‘शर्किये’ आणि ‘घर्बिये’, म्हणजे नुसतं पूर्वेकडचं नि पश्चिमेकडचं. मधून दमास्कस रस्ता. इमारतींत दबा धरून बसलेल्या बंदूकवाल्यांच्या भीतीने तिथे कुणी फिरकेना, तेव्हा रस्त्यात झाडंझुडपं माजली. म्हणून म्हणे ती ‘ग्रीन लाइन’. तिची आजी पलीकडे, जेमतेम दोन किलोमीटरवर. म्युझियमजवळचं नाकं उघडं असेल तर भेट, नाहीतर नाही.

मार्च 1989 मध्ये आपण दहावीचे पेपर लिहीत होतो. त्याच महिन्याच्या 14 तारखेला लेबनॉनचे लष्करप्रमुख जनरल मिशेल औन यांनी लेबनॉनमध्ये ठाण मांडलेल्या सीरियन फौजेविरुद्ध युद्ध पुकारलं. सप्टेंबरपर्यंत दोन्ही बाजूंनी तोफा. तिची शाळा बंद, अख्खी इमारत तळघरातल्या पार्किंगमध्ये. गाद्या, पाण्याचे कॅन, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा टीव्ही. आता ही रडणार, असं मला वाटलं. तर हिने सांगितलं काय? तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पत्त्यांत मुद्दाम हरायचा! गोळा इथून चाललाय की इकडे येतोय, हे बारकी पोरंसुद्धा आवाजावरून सांगायची. सकाळी शांत झालं की गोळ्यांचे तुकडे वेचायला पळायची. आपण गोट्या जमवायचो तसे ते जमवायचे. ज्याचा तुकडा अजून गरम, त्याचा भाव जास्त.

“सहा महिने आम्ही घाबरून बसलो होतो असं लोकांना वाटतं,” ती म्हणाली. “निम्मा वेळ तर नुसता कंटाळा.”

तो मुलगा आता मॉन्ट्रियलला दातांचा डॉक्टर आहे.

1990 च्या ऑक्टोबरात लढाई थांबली. अडथळे हटल्यावर ती पहिल्यांदा कुणाला न विचारता चालत आजीकडे गेली. पंचवीस मिनिटं लागली. तिला त्याचा आनंद झालाच नाही, रागच आला म्हणे.

2018 मध्ये कामानिमित्त मी बैरुतला गेलो. त्या म्युझियममध्ये मेंढपाळाचं एक जुनं मोझेइक आहे, त्याला कोपऱ्यात आरपार भोक. बंदूक रोखता यावी म्हणून कुणीतरी पाडलेलं. बुजवलेलं नाही. मी वाकून डोळा लावणार, तोच रखवालदाराने हटकलं.

माझी नकाशाची वही आईने कधीच रद्दीत घातली. आपल्या बॅचमध्ये कुणाकडे उरली असेल तर त्या पानाचा फोटो पाठवा. तिला दाखवायचा आहे.