आज हजार झाले!

दुपारी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात भाचा ओरडला, "मावशी, यूट्यूबवर तुझे हजार सबस्क्रायबर झाले!" गॅस बंद केला आणि तिथेच मटकन खाली बसले.

मला दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिला व्हिडिओ केला तो टॉकबॅकचा, म्हणजे अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीचा. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबून धरायची, की फोन बोलायला लागतो. एवढंच, पण मराठीत ते नीट सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं. शूटिंगला मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवते. फरशीवर सुतळी चिकटवली आहे, ती पायाच्या अंगठ्याने चाचपली की कुठे बसायचं ते कळतं.

जाहिरातीच्या पैशांसाठी यूट्यूबवर हजारासोबत १२ महिन्यांत ४००० तास पाहिले जावे लागतात. ते अजून लांब आहे.

गेल्या महिन्यात एका कर्णबधिर मुलीने लिहिलं, "ताई, तुमचं बोलणं आम्हाला कसं कळणार?" मनाला लागलं, कारण तिचं बरोबर होतं. आता माझ्या व्हिडिओंच्या कॅप्शनचं काम ती बघते, मी तिच्या व्हिडिओंना आवाज देते. ती शिवलेल्या नऊवारी विकते. काष्टा कसा बसवतात ते तिने लिहून पाठवलं, टॉकबॅकने मला वाचून दाखवलं आणि आज संध्याकाळी मी ते बोलले. तीनदा अडखळले, चौथ्यांदा जमलं.

आत्ता तिचा मेसेज आला. व्हिडिओ बघून पहिली ऑर्डर आलीय, हिरवी नऊवारी, जरीकाठाची.