पोरीले कायले टाकू?

आज दुपारी शेजारचे काका पोरीला घेऊन आले. डवरणीवरून थेट आले होते, पँटला चिखल तसाच. पिशवीतून मार्कशीट काढली, ओली होऊ नये म्हणून दोन पन्न्यांत गुंडाळलेली. बारावी सायन्स, ७१ टक्के.

"भाऊ, पोरीले कायले टाकू? कोन्ती डिग्री घेतली का नोकरी लागते?"

काय सांगू? आमच्या वेळी डीएड, म्हणजे मास्तरकीची पदविका, म्हणजे पक्की नोकरी होती. त्यासाठी लोकांनी वावर विकलं. पुढे २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, भरती वर्षानुवर्षं अडली, माझे कितीतरी मित्र आज कृषी केंद्रात बिलं फाडतात. हुशार पोरं होती हो ती.

आता सगळ्यांना बीएस्सी अ‍ॅग्री पाहिजे. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचं नाव मोठंच, शिक्षणही चांगलं. पण चार वर्षांनंतर बहुतेक जण एमपीएससीच्या अभ्यासिकेतच बसलेले दिसतात. उलट गल्लीतला एक पोरगा दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन करून महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक झाला. त्यातही मेरिट लागतं, सगळ्यांचा नंबर लागत नाही, हेही काकांना सांगितलं.

मग पोरीलाच विचारलं, "बाई, तुले काय आवडते?" ती खाली पाहत हळूच म्हणाली, "नर्सिंग." काका तिच्याकडे पाहतच राहिले. घरात हे कोणी तिला विचारलंच नव्हतं.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार. उद्या सकाळी आम्ही तिघं सेतू केंद्रात जातोय, दाखले काढायला.