जॉबकार्डावरचा शेरा : 'आवाज आढळला नाही'

माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या पुढच्या भागातून सिंहगड रस्त्यावरच्या प्रत्येक गतिरोधकावर 'टक्' असा आवाज येत होता, आणि तरीही सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डावर, म्हणजे गाडीच्या तक्रारी आणि कामाची नोंद असलेल्या कागदावर, 'आवाज आढळला नाही' असा शेरा मारून गाडी परत केली, याचा संताप अजून ओसरलेला नाही.

तिथे गाडी चासीला (खालच्या सांगाड्याला) आधार देऊन लिफ्टवर चढवली गेली, लोंबकळणारी चाके हाताने हलवून पाहिली गेली आणि सगळे घट्ट असल्याचे सांगण्यात आले. शेजारी बसून एक फेरी मारा, ही माझी विनंती सल्लागाराने वेळ नसल्याचे सांगून टाळली. पुढच्या खेपेस त्यानेच दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याचे अंदाजपत्रक पुढे केले आणि कशावरून, असे विचारल्यावर 'साहेब, बहुतेक तेच असतं' एवढेच उत्तर दिले. जो आवाज यांना ऐकूच आला नाही, त्याच्यासाठी महागडे भाग बदलायला मी ठाम नकार दिला.

वारज्यातील एका लहान गॅरेजच्या मिस्त्रींनी मात्र आधी गाडीत बसून आवाज ऐकला. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट येत नव्हती, म्हणून सीव्ही जॉइंटवरचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचा) संशय मागे पडला; वेगाबरोबर वाढणारी घरघर नव्हती, म्हणून बेअरिंगवरचाही. मग त्यांनी जॅक चासीखाली न लावता लोअर आर्मखाली, म्हणजे चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याखाली, चाकाच्या अगदी जवळ लावला. आमच्या गाडीत स्प्रिंगचा भार लोअर आर्मवर येतो. चाक नुसते लोंबकळत असेल तर त्या दाबाने बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांना जोडणारा गोलाकार सांधा) ताणलेला राहू शकतो आणि झीज लपते. आर्म उचलून धरल्यावर टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर रेटताच लोअर बॉल जॉइंटमधली ढील डोळ्यांना दिसली. जॉइंटवरचे रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस निघून गेले होते. हा जॉइंट पूर्ण निखळला तर चाक कोलमडते, त्यामुळे कात्रजच्या घाटात काय झाले असते, या विचाराने माझा राग दुप्पट झाला.

सुटे भाग नाना पेठेत मिळाले, बदलण्याचे काम सुरळीत झाले आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घेतली. आवाज पूर्ण थांबला.

आवाजाची तपासणी टू-व्हील ड्राइव्हमध्येच करावी, हेही सांगायला हवे. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच फोर-व्हील लावायच्या प्रणालीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळल्यास पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगवेगळ्या गतीने फिरता येत नाही, गाडी अडखळते आणि त्या आवाजाने निदान भरकटते. तसेच जॉबकार्डावर केवळ 'पुढून आवाज' असे लिहू देऊ नये. वेग, वळणाची दिशा आणि ब्रेक दाबलेला होता का, हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे. जुना जॉइंट मी मागून घेतला असून लेखी तक्रारीसोबत त्याची छायाचित्रे सर्व्हिस सेंटरच्या व्यवस्थापकांकडे पाठवली आहेत.