पर्सियसच्या पायाची बोटं

बेळगावात उद्यमबागेत आमची फौंड्री आहे. पंपाची केसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, गिअरबॉक्सचे भाग अशी जॉबिंगची कामं. वडिलांनी क्युपोलावर, म्हणजे कोकच्या भट्टीवर, सुरू केलं, आता विजेवरची इंडक्शन फर्नेस आहे. म्युनिकला असणाऱ्या लेकीनं इटलीत काय काय बघायचं याची यादी मागितली, तेव्हा मी पाठवलेल्या यादीत बहुतेक सगळं ओतकामच होतं. तिचा लगेच फोन. "बाबा, डेव्हिड कुठाय यात?" म्हटलं, तोही बघू, पण आधी हे.

मायकेलअँजेलोचा तो संगमरवरी डेव्हिड बघितला. थोरच आहे तो, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते वेगळं. आपल्याकडं उद्यमबागेत, मच्छ्याला कितीतरी घरांची चूल ओतकामावर पेटते. यातला कुणी युरोपला गेला तर त्याला मनोरे, राजवाडे, चर्च दाखवतात आणि परत आणतात. जगातल्या नावाजलेल्या कलाकृतींपैकी कितीतरी मुळात कास्टिंग, म्हणजे ओतीव, आहेत, आणि ती बघायला साचे करणाऱ्या मोल्डरइतकी तयार नजर दुसऱ्या कुणाची नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिलं नाव पर्सियसचं, ग्रीक कथांतल्या वीराचं. फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात, पियाझ्झा देल्ला सिन्योरियात, कमानींचा एक उघडा मंडप आहे, लोज्जा देई लान्झी. तिकीट नाही, दार नाही. तिथं बेनव्हेनुतो चेल्लिनीचा पर्सियस उभा आहे. डाव्या हातात उंच धरलेलं मेदुसा राक्षसीचं मुंडकं, उजव्या हातात तलवार, पायाखाली तिचं धड. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो मेदिची यानं १५४५ साली काम दिलं, लोकांसमोर आलं १५५४ मध्ये. चेल्लिनी मूळचा सोनार. एवढा मोठा पुतळा याला ओतता येणार नाही, असं दरबारात उघड बोललं जायचं.

पद्धत मेणाची. मातीच्या गाभ्यावर मेणात आकृती करायची, वरून मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचं आणि मेणाच्या रिकाम्या जागेत धातू सोडायचा. आपल्याला ही पद्धत परकी नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, त्याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात ती लिहिलेली आहे. मूर्तीला लागलेलं मेण तोलायचं आणि त्याच्या आठ-दहा पट पितळ किंवा तांबं घ्यायचं, हा हिशेबसुद्धा. मेणाची आणि तांब्याची घनता मांडून बघा, जवळपास जुळतं.

ओतायच्या दिवशी काय झालं ते चेल्लिनीनं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. साचा भट्टीपुढच्या खड्ड्यात पुरलेला. भट्टीला पाइनची लाकडं घातलेली, ती इतकी पेटली की कारखान्याच्या छपरानं पेट घेतला. बागेच्या बाजूनं पाऊस-वारा आत घुसून भट्टी गार करत होता. राबून राबून चेल्लिनीला सडकून ताप भरला, तो माणसांना सूचना देऊन अंथरुणावर जाऊन पडला. थोड्या वेळानं निरोप आला: काम गेलं, धातू गोठला.

हे वाक्य मी मंडपात पर्सियससमोर उभ्या उभ्या बायकोला सांगत होतो आणि अंगावर काटा आला. भरल्या फर्नेसमध्ये मेटल असताना वीज गेलेली रात्र आम्ही दोघांनीही बघितलीय. जनरेटर सुरू होईना. मी आणि माणसं मेटल लॅडलनं, म्हणजे मोठ्या डावानं, उपसून काढत होतो, आणि ही घरून सगळ्यांसाठी चहा घेऊन आलेली, दारात उभी. मेटल आत गोठलं की लायनिंग, म्हणजे भट्टीचं अस्तर, गेलं, कॉइल गेली, म्हणजे महिन्यांची कमाई गेली. त्या रात्री बरंचसं वाचलं. त्यामुळं "धातू गोठला" हे ऐकल्यावर तापातून उठलेला माणूस कसा धावला असेल, हे आम्हाला वेगळं समजवावं लागत नाही.

चेल्लिनीनं शेजारून वाळलेलं ओक मागवलं, ते पाइनपेक्षा कडक जळतं. साधारण साठ पौंडांची प्यूटरची लगड भट्टीत टाकली. प्यूटर म्हणजे मुख्यत्वे कथील. गोठलेलं सुटायला लागलं, पण तेवढ्यात मोठा आवाज होऊन भट्टीचं झाकण फुटलं. मग त्यानं साच्याची तोंडं उघडली. मेटल हवं तसं धावत नाही म्हटल्यावर घरातली प्यूटरची ताटं, वाट्या, थाळ्या, दोनशेच्या आसपास भांडी, एकेक करून आत टाकायला लावली. लोक ही गोष्ट वेडेपणाची म्हणून सांगतात. ओतकामवाल्याच्या हिशेबानं ती पूर्ण शहाणपणाची आहे. ब्राँझमध्ये, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रणात, कथील वाढलं की वितळायचा बिंदू खाली येतो आणि धातू पातळ होऊन लांब धावतो. तापमान वाढवायला वेळ नाही, तर मिश्रण बदलायचं. भट्टीपुढं उभं राहून, अंगात ताप असताना, हे सुचायला धंदा हाडात मुरलेला पाहिजे.

साचा उघडला तेव्हा सगळं आलं होतं, उजव्या पायाची बोटं सोडून. ज्या पायावर पर्सियस उभा आहे तोच पाय. टाच आली, पाऊल आलं, बोटं नाहीत. आणि गंमत म्हणजे चेल्लिनीनं ड्यूकला हे आधीच सांगितलं होतं: वरचं मेदुसाचं मुंडकं नीट येईल, खालच्या पावलाची खात्री नाही. बोटं मग दुरुस्त करून घेतली.

मी तिथूनच पायाचा फोटो काढून फौंड्रीच्या ग्रुपवर टाकला आणि दोन ओळीत हकिगत लिहिली. आमचे मुख्य मोल्डर, सगळे त्यांना मामा म्हणतात, घरात कन्नड आणि कामावर मराठी. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत. "मालक, मेटल लांबनं खाली यायलंय, शेवटाला जाईपर्यंत थंड होणार की. तिथं व्हेंट दिलता काय?" व्हेंट म्हणजे साच्यातली हवा बाहेर जायची वाट. पाठोपाठ कोअरवाल्या, म्हणजे साच्यातला गाभा करणाऱ्या, पोराचा मेसेज: जाडी किती? फ्लॉरेन्सच्या चौकात शेकडो माणसं त्या पुतळ्यापुढं फोटो काढत होती. त्यांच्यातल्या कुणाला हा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही.

छातीवरून गेलेल्या पट्ट्यावर चेल्लिनीनं स्वतःचं नाव कोरलंय. मंडपाच्या कडेला जाऊन मान वर करून बघितलं तर दिसतं. भट्टीला लाकडं घालणाऱ्या, खड्डा भरणाऱ्या माणसांची नावं पुतळ्यावर नाहीत. मला ती हवी होती.

तिथून चालत थोड्या अंतरावर बार्जेल्लो संग्रहालय. यात ब्राँझच्या दोन चौकटी शेजारी शेजारी लावल्यात, आणि माझं मत विचाराल तर फ्लॉरेन्समध्ये याहून शिकण्यासारखं दुसरं काही नाही. १४०१ साली बाप्तिस्मागृहाच्या दारांसाठी स्पर्धा लागली. पैसे घालणारा संघ कापड व्यापाऱ्यांचा. विषय सगळ्यांना एकच: अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघालाय आणि देवदूत त्याला अडवतोय. टिकून राहिल्या त्या दोनच चौकटी, लोरेन्झो गिबर्तीची आणि फिलिप्पो ब्रुनेल्लेस्कीची. ब्रुनेल्लेस्कीची जास्त अंगावर येते, देवदूतानं अब्राहामचं मनगट पकडलंय. पण त्यानं आकृत्या सुट्या ओतून मागच्या पत्र्यावर बसवल्यात. गिबर्तीनं जवळजवळ सगळं एका ओतात काढलंय, आणि मागून पोकळ, सारख्या जाडीचं. त्याची चौकट सुमारे सात किलोनं हलकी आहे.

आता दाराला अशा चौकटी २८. सात गुणिले अठ्ठावीस, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास ब्राँझ वाचलं. काम गिबर्तीला मिळालं त्याची कारणं पुस्तकात सौंदर्याची दिलेली असतात, तीही खरीच. पण मी रोज कोटेशन देणारा माणूस आहे. कापड व्यापाऱ्यांनी वजन बघितलं नसेल, हे मला कुणी पटवू शकणार नाही. आणि सारखी पातळ जाडी म्हणजे नुसती बचत नव्हे. जाड-बारीक झालं की आकसताना तडा जातो, पोकळी राहते. ज्याला पातळ आणि एकसारखं ओतता येतं त्याला ओतता येतं.

गिबर्ती त्या दारावर १४२४ पर्यंत राबला, आणि लगेच १४२५ मध्ये दुसरं घेतलं ते १४५२ ला संपवलं. हेच ते "स्वर्गाचं दार". दहा मोठ्या चौकटी, सोन्याचा मुलामा. ब्रुनेल्लेस्की हरला, आणि पुढं त्यानं समोरच्या कॅथेड्रलचा घुमट बांधला. दारापुढं उभं राहून मागं वळलं की समोर तेच कॅथेड्रल.

आता बाहेर लावलंय ते दार प्रतिकृती आहे. मूळ दार कॅथेड्रलच्या संग्रहालयात काचेआड, आर्द्रता राखून ठेवलंय. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर आला तेव्हा पाच चौकटी दारातून निखळल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्या दालनात गर्दी नव्हती. काचेला नाक लागेल इतक्या जवळून बघितलं. पुढच्या आकृत्या जवळजवळ सुट्या उभ्या आहेत, आणि मागची माणसं, झाडं, डोंगर कागदाच्या जाडीइतक्या उठावात. चौकटीच्या कडेच्या पट्टीवर छोट्या गोल खिडक्यांतून डोकी बाहेर आलीत, त्यातलं एक टक्कल पडलेलं, हसऱ्या चेहऱ्याचं. ते गिबर्ती स्वतः. सोनं चढवलंय ते पाऱ्यात कालवून: लेप द्यायचा, तापवायचं, पारा उडून जातो, सोनं धरून राहतं. तो वाफारा ज्यांच्या छातीत गेला ती माणसं किती जगली असतील, हा विचार त्या झळाळीपुढं डोक्यातून जात नव्हता.

व्हेनिसला संत मार्कच्या चर्चवर चार घोडे आहेत. मूळ घोडे वरच्या संग्रहालयात, बाहेरचे नकली. वेगळं तिकीट काढून वर जाच. १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटलं तेव्हा ते इकडं आले. त्याच साली आपल्या बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजांचा मंत्री बीचिराजा कमल बस्ती हे जैन मंदिर बांधत होता. पुढं १७९७ ला नेपोलियननं ते घोडे पॅरिसला नेले, १८१५ ला परत आले. माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट धातूची. त्यात ९६ टक्क्यांहून जास्त तांबं आहे. शुद्ध तांबं ओतणं म्हणजे डोकेदुखी: १०८५ अंशाला वितळतं, वायू शोषून घेतं, सुस्त धावतं. तरीही तेच घेतलं, कारण पाऱ्याचा सोनमुलामा तांब्यावर स्वच्छ बसतो. फिनिशिंगसाठी ओतणाऱ्यानं एवढा त्रास सोसला. गिऱ्हाईक मशिनिंगचा आग्रह धरतं आणि आम्ही इथं मिश्रणाशी झगडतो, ते प्राचीन काळीही चालू होतं.

रोममध्ये सगळे कॉलोसियमच्या रांगेत असतात. तुम्ही तेर्मिनी स्टेशनजवळच्या पलाझ्झो मास्सिमोत जा. तिथं बसलेला मुष्टियोद्धा आहे, ग्रीक, १८८५ साली क्विरिनाल टेकडीच्या उतारावर सापडलेला. सामना होऊन दमून बसलाय, मान वळवून कुणाकडं तरी बघतोय. नाक मोडलेलं, कान सुजलेले, हातांना चामड्याच्या पट्ट्या. ओठ आणि जखमा लालसर तांब्याच्या, ब्राँझमध्ये बसवलेल्या. मान वळवताना उडालेले रक्ताचे थेंब उजव्या दंडावर आणि मांडीवर, तेही तांब्याचे. उजव्या डोळ्याखालची सूज काळपट रंगाच्या वेगळ्या मिश्रणाची. बायको बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "याला पाणी तरी द्या कुणीतरी."

कापितोलिनो टेकडीवर रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा आहे, मूळ आत संग्रहालयात आणि चौकात प्रतिकृती. तो कॉन्स्टंटाइन या ख्रिस्ती सम्राटाचा समजला गेला म्हणून वितळवला गेला नाही. बाकीच्यांचं नशीब तसं नव्हतं. पँथियन या जुन्या रोमन मंदिराच्या देवडीतलं ब्राँझसुद्धा पोप आठव्या अर्बननं काढून नेलं आणि तोफा ओतल्या. ब्राँझचा हा शापच आहे, ते पुन्हा वितळतं.

आणि रस्त्यात जागोजागी ओतीव लोखंडाचे पाण्याचे नळ आहेत, १८७४ पासूनचे, शंभरेक किलोचा एकेक. वाकडं तोंड, म्हणून त्यांना नासोने म्हणतात, मोठं नाक. पाणी गार, पिण्याचं, फुकट. आपल्याच धंद्यातली वस्तू, तेव्हा मी प्रत्येकावर हात फिरवून बघितला. रिकामी बाटली जवळ ठेवा. नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते आणि वाकल्याशिवाय पिता येतं. गुडघे दुखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.