लाँग-सुर-मेरचा फलक आणि ‘सिटी ऑफ बॉम्बे’

सुट्टीत देवगडला आलो की संध्याकाळी खळ्यात मंडळी जमतात आणि फ्रान्सबद्दल विचारतात. आयफेल टॉवर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून यंदा मी नॉर्मंडीतल्या लाँग-सुर-मेर गावच्या एका स्मृतिफलकाबद्दल सांगितलं. तो फलक युद्धकाळातल्या तिथल्या विमानतळाचा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या जूनमध्ये जर्मनांशी लढायला नॉर्मंडीत उतरल्यावर, तिथल्या शेतांत ब्रिटिश सैन्याने ‘बी-११’ ही तात्पुरती धावपट्टी उभारली. तिथून उडालेल्या, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांच्या तुकड्यांमध्ये १३२ क्रमांकाची एक होती. तिचं पूर्ण नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’!

“मुंबयचा नाव थय कित्याक रे?” आबांनी लगेच विचारलं.

युद्धकाळात विमानांसाठी देणग्या गोळा होत. एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरलेली होती. एखाद्या शहरातून किंवा संस्थानातून भरघोस रक्कम आली की त्याचं नाव तुकडीला मिळे. हैदराबादच्या नावाच्याही तुकड्या होत्या.

आबांना खरा रस होता तो धावपट्टीत. स्पिटफायरची टाकी लहान. इंग्लंडहून इंग्लिश खाडी ओलांडून येण्या-जाण्यातच बरंच इंधन संपे आणि लढायला थोडाच वेळ उरे. म्हणून शेत सपाट करून, त्यावर लोखंडी जाळी अंथरून विमानं थेट आघाडीमागे आणली. पण धूळ अशी उडे की इंजिनांना खास फिल्टर बसवावे लागले. मे महिन्यात आमच्या कातळावरून ट्रक गेल्यावर उडते ना, तशीच.

याच मुंबईने १९४२ला गवालिया टँकवर ‘चले जाव’ ऐकलं. १४ एप्रिल १९४४ला ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटाने तिची गोदी उद्ध्वस्त झाली. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांतली माणसं तेव्हा गोदीत आणि बोटींवर पोटासाठी राबत होती! तुकडीच्या त्या नावामागे हे शहर होतं, आणि ते आपल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुकडी पुढे सिलोनला गेली, तिथून हाँगकाँगला, आणि एप्रिल १९४६मध्ये बरखास्त झाली.

कुणी नॉर्मंडीला येणार असाल तर बायो शहरात उतरा, लाँग तिथून जवळच आहे. बहुतेक प्रवासी कड्यावरच्या चार जर्मन तोफा बघून परत फिरतात. तुम्ही मात्र विमानतळाच्या फलकाची चौकशी करा आणि मगच परता.